आखजी ते मृग : वऱ्हाडातून हिमालयात जाताना

आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वऱ्हाडात घरोघरी मातीची नवी घागर येते. पितरांच्या नावानं ती पाण्यानं भरायची, आमरस-पुरणपोळीचं पान वाढायचं आणि मगच वर्षाचा पहिला आंबा खायचा, हा नेम मूर्तिजापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांत आजही मोडत नाही. त्याच तिथीला, इथून हजार-अकराशे किलोमीटर उत्तरेला, गंगोत्री आणि यमुनोत्रीच्या मंदिरांची दारं सहा महिन्यांनी उघडतात. गंगेची डोली मुखबा गावाहून निघते आणि वाटेत भैरवघाटीला मुक्काम करून गंगोत्रीला पोचते. यमुनेची डोली खरसालीहून निघते, आणि तिला पोचवायला तिचा भाऊ शनिदेव आपल्या डोलीत बसून बरोबर जातो. आखजीला लेकी माहेरी आणणाऱ्या वऱ्हाडी माणसाला ही प्रथा ऐकताच आपली वाटते.

केदारनाथ आणि बदरीनाथची दारं कधी आखजीलाच, तर कधी त्यानंतर काही दिवसांनी उघडतात. केदारनाथचा दिवस महाशिवरात्रीला ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होतो. बदरीनाथचा दिवस वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात ठरतो. देवाच्या अभ्यंगासाठी लागणारं तिळाचं तेलही त्याच राजवाड्यात सुवासिनी काढतात, आणि तेलाचा तो घडा मिरवत बदरीनाथला जातो. २०२५ साली आखजी ३० एप्रिलला होती. त्या दिवशी गंगोत्री-यमुनोत्री उघडली, २ मे रोजी केदारनाथ आणि ४ मे रोजी बदरीनाथ. तारखा दरवर्षी बदलतात, पण हंगाम तोच राहतो.

वऱ्हाडातला माणूस याच हंगामात निघतो, कारण त्याला दुसरी सवडच नसते. गहू-हरभरा घरी आलेला असतो, कापूस विकून झालेला असतो. सालदाराचा नवा करार कुठं पाडव्याला, कुठं आखजीला झालेला असतो. पोरांना सुट्ट्या असतात. ७ जूनच्या सुमारास मृग लागला की पुन्हा पेरणीची धावपळ. आखजी आणि मृग यांच्यामधल्या पाच-सहा आठवड्यांतच लग्नं उरकायची, वाळवणं घालायची, घर शाकारायचं आणि जमलंच तर देव पाहून यायचा. त्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढं गेलेला असतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, जवळ आले की जो तो म्हणतो, थंड मुलखात चला.

इथूनच घोटाळा सुरू होतो. सवड थोडी, धाम चार आणि अंगात वऱ्हाडचं ऊन.

मूर्तिजापूरजवळच्या एका गावातले एक शेतकरी अशाच एका मे महिन्यात निघाले. साठी ओलांडलेली, रक्तदाबाची गोळी रोजची, पण दिवसभर शेतात राबणारं शरीर. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. बरोबर काकू, पुतण्या आणि गल्लीतली आणखी काही मंडळी. मूर्तिजापूर जंक्शनवरून नागपूर, तिथून गाडी बदलून दिल्ली आणि मग हरिद्वार. पुढचा सगळा प्रवास एका सहल कंपनीनं आखून दिला होता. कागदावर तो सुबक दिसत होता. हरिद्वारहून पहिल्या दिवशी गुप्तकाशी, दुसऱ्या दिवशी केदारनाथ, तिसऱ्या दिवशी खाली, चौथ्या दिवशी बदरीनाथ. विश्रांतीचा दिवस एकही नाही. कमी दिवसांत जास्त देव म्हणून हीच सहल स्वस्त पडली आणि सगळ्यांना पसंतही पडली.

हरिद्वार समुद्रसपाटीपासून ३१४ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ मूर्तिजापूरच्याच उंचीवर. म्हणून तिथवर शरीराला काहीच जाणवत नाही. उकाडाही ओळखीचाच. गुप्तकाशी १३०० मीटरच्या आसपास, तिथली हवा सुखाची. गौरीकुंड १९८२ मीटरवर, आणि तिथून सोळा किलोमीटरच्या चढाईनंतर केदारनाथ ३५८३ मीटरवर. हरिद्वार सोडल्यापासून दुसऱ्या संध्याकाळी काकाजी सव्वातीन हजार मीटर वर चढलेले होते. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो. दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही तेवढाच. फुप्फुसं, हृदय, रक्त हे सगळं नव्या हिशेबाला लागायला काही दिवस मागतं. काकाजींच्या शरीराला ते मिळाले नव्हते.

त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, “दर्शन झालं तवा लय बरं वाटलं. राती डोकसं ठणकू लागलं. मले वाटलं, पित्त झालं. आपल्याकडे उन्हायात होतेच ना असं. मंग उलटी झाली. काकू म्हणे, खाली चाला. म्या म्हटलं, पायटंचा अभिषेक झाल्याबिगर कसं जायाचं?”

पहाटेपर्यंत त्यांना उभं राहता येईना. पाय भलतीकडंच पडत होते आणि बोलणं तुटक झालं होतं. गल्लीतल्या मंडळींना वाटलं की थकवा असेल, गरम पाणी आणि आलं दिलं की बरं वाटेल. पुतण्यानं मात्र कुणाचं न ऐकता यात्रामार्गावरचं सरकारी आरोग्यकेंद्र गाठलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं बोटाला यंत्र लावलं, प्राणवायू चालू केला आणि एकच वाक्य सांगितलं: आता, याच क्षणी खाली. डंडीतून, म्हणजे खांद्यावर वाहायच्या खुर्चीतून, चार माणसांनी त्यांना उतरवलं. जसजशी उंची कमी होत गेली तसतसं डोकं हलकं झालं. गौरीकुंडाच्या जवळ पोचेपर्यंत काकाजी चहा मागू लागले होते. सहलीची गाडी बाकीच्यांना घेऊन बदरीनाथला निघून गेली. काकाजी, काकू आणि पुतण्या गुप्तकाशीला राहिले.

तेव्हापासून यात्रेला निघणारं कुणीही भेटलं की काकाजी त्याला थांबवून ही हकीगत सांगतात. गावात त्यांचा शब्द आता डॉक्टरइतकाच मानला जातो. त्यांच्या सांगण्यात भीती घालण्याचा सूर नसतो. आपल्या अंगाची गणितं वेगळी आहेत, ती ओळखून जा, एवढंच ते सांगतात. त्यांच्या बोलण्यातून, डॉक्टरांच्या सल्ल्यातून आणि गेल्या काही हंगामांच्या नोंदींतून जे हाती लागतं ते इथं मांडलं आहे.

पहिली गोष्ट दिवसांची. उंचीचा त्रास वर पोचल्याबरोबर होत नाही, सहा-बारा तासांनी डोकं वर काढतो. म्हणून माणूस दर्शन घेऊन आनंदात झोपतो आणि मध्यरात्री जागा होतो. अडीच-तीन हजार मीटरच्या पुढं झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस जागीच थांबावं, असं उंचीवरच्या आजारांचे जाणकार सांगतात. गौरीकुंडाहून थेट केदारनाथला मुक्काम केला तर एका दिवसात सोळाशे मीटरची उडी होते. नवा गोऱ्हा पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला कुणी जुंपत नाही. आधी मोकळा फिरवतात, मग तासभर, मग अर्धा दिवस. बैलाला दिलेली ही सवलत स्वतःला द्यायला शेतकऱ्यानं का मागं राहावं?

जुन्या यात्रेकरूंना हा प्रश्नच नव्हता. ऋषिकेशहून पायी निघायचं, रोज एका चट्टीहून, म्हणजे मुक्कामाच्या जागेहून, दुसऱ्या चट्टीला जायचं, तिथं शिधा घेऊन स्वयंपाक करायचा आणि झोपायचं. ऋषिकेशच्या बाबा काली कमलीवाल्यांच्या क्षेत्रानं या वाटेवर धर्मशाळा आणि सदावर्तं उभी केली ती याच चालीसाठी. चढ इतका सावकाश असायचा की शरीर आपोआप तयार होत जाई. १९६२च्या चीन युद्धानंतर सीमेकडं मोटाररस्ते झपाट्यानं झाले आणि आठवड्यांची वाट दोन दिवसांवर आली. सोय वाढली हे खरंच, पण शरीराचा वेग पूर्वी होता तेवढाच राहिला.

म्हणून ज्यांना चारही धाम करायचे आहेत त्यांनी परंपरेचा पश्चिमेकडून पूर्वेकडचा क्रम पाळावा: यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी. यमुनोत्रीची चढाई जानकीचट्टीहून पाच-सहा किलोमीटरची आहे. गंगोत्रीला तर गाडी थेट जाते. केदारची वाट धरेपर्यंत शरीर दोनदा तीन हजार मीटरच्या आसपास जाऊन आलेलं असतं. अट एकच: मध्ये बडकोट, उत्तरकाशी, हर्षिल, गुप्तकाशी इथं मुक्काम पुरेसे हवेत. आणि ज्यांच्याजवळ आठ-दहाच दिवस आहेत त्यांनी दोनच धाम करावेत. वऱ्हाडी घरात हे ऐकून घेतलं जात नाही, कारण एवढं लांब जाऊन दोनच देव बघून आलो हे सांगायला लाज वाटते. त्या लाजेपायी माणसं आजारी पडतात. उत्तराखंड सरकारही यात्रेकरूंना किमान सात दिवसांचं नियोजन करायला सांगतं. रोज थोडं चालणं आणि श्वासाचे व्यायाम घरीच सुरू करा, हृदयविकार, दमा, रक्तदाब, मधुमेह असेल तर तपासणी करूनच या, असंही बजावतं. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही हंगामांत चारधामच्या वाटेवर दरवर्षी दोनशेहून जास्त यात्रेकरू दगावले. त्यातले बहुतेक दरडी कोसळून नव्हे, तर हृदयविकारानं आणि उंचीच्या त्रासानं गेले.

लक्षणं पाठ असावीत. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं, हा पहिला इशारा. इथं वर जायचं नाही, थांबायचं. बसल्या जागी धाप लागणं, छातीत घरघर, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी आली तर फुप्फुसात पाणी साचतंय. सरळ रेषेत चालता न येणं, असंबद्ध बोलणं, नुसतं झोपून राहावंसं वाटणं म्हणजे मेंदूला सूज. या दोन्हींत पहाट होण्याची वाट बघायची नसते, रात्र असली तरी माणूस खाली न्यायचा. प्राणवायूचा सिलिंडर वेळ मिळवून देतो, पण इलाज उतरणं हाच. काकाजींसारखं ‘पित्त’ समजून सोडा-लिंबू घेत बसलं की मोलाचे तास हातचे जातात.

औषधांबद्दल एक सांगायलाच हवं. उंचीसाठी अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी देतात, पण ती सगळ्यांना चालत नाही. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. डोंगरात तहान कळत नाही, पाणी कमी जातं आणि अशानं माणूस कोरडा पडतो. मूर्तिजापूर-अकोल्यातल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरला निघण्याच्या महिनाभर आधी भेटावं, कुठल्या उंचीवर जाणार ते आकड्यात सांगावं आणि गोळ्यांची चिठ्ठी दोन प्रतींत घ्यावी. मधुमेहींनी इन्सुलिन कपड्यांच्या आत, अंगाजवळ ठेवावं. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. गोळ्यांची पिशवी खेचरावर किंवा पिट्ठूच्या (हमालाच्या) पाठीवरच्या सामानात कधीच टाकू नये, कारण सामान आणि माणूस एका वेळी पोचतीलच असं नाही. झोपेची गोळी आणि दारू, दोन्ही वर्ज्य.

सर्वांत फसवं म्हणजे वऱ्हाडचं ऊन. पंचेचाळीस अंशात दुपट्टा डोक्याला गुंडाळून घराबाहेर पडणारा माणूस बॅगेत स्वेटर भरतो तेव्हा त्याचा त्यावर विश्वासच नसतो. एक शाल घेतली म्हणजे पुरे, असं काकूंनाही वाटलं होतं. केदारनाथला मे महिन्यातही रात्री पारा शून्याजवळ जातो आणि बर्फ पडू शकतो. वर कडक ऊन, दुपारी पाऊस, संध्याकाळी गारठा, हे सगळं एकाच दिवसात होतं. सुती बनियन घामानं ओली झाली की ती अंगावर वाळत नाही आणि गारठा हाडात शिरतो. लोकरीचं किंवा लवकर वाळणारं आतलं कापड, त्यावर स्वेटर, त्यावर पावसाचं जाकीट, कानटोपी, हातमोजे आणि मोज्यांचे जादा जोड हवेत. मेच्या बाजारात मूर्तिजापुरात हे मिळत नाही. थंडी संपताच पेटीत टाकलेले गरम कपडे तसेच वर काढून ठेवावेत. पायातले बूट नवे नकोत. महिनाभर वापरून मऊ झालेले हवेत.

खाण्याचं उलट आहे. आपण घरून नेलेलं उत्तम. शेंगदाणे-गुळाचे लाडू, सातूचं पीठ, चिवडा, तिखट-मिठाच्या पुऱ्या, एवढ्यावर वऱ्हाडी माणूस दोन दिवस काढतो. फक्त चढाईच्या दिवशी पोटभर जेवून निघू नये. थोडं थोडं खावं, घोट घोट पाणी पीत राहावं.

आता पावसाचं. वऱ्हाडात मृगाकडं डोळे लावून बसलेला असतो तो शेतकरी. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला आखजीच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. धान्याचे दाणे, पाण्याची घागर, पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, आणि दुसऱ्या पहाटे त्यावरून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. त्या भाकितावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण पावसाचा विचार आखजीलाच करायची सवय आपल्याला आहे, आणि हिमालयात जाताना नेमकी तीच सवय आपण घरी ठेवून जातो. पेरणीआधी उरकून येऊ म्हणून जूनचा पहिला-दुसरा आठवडा धरतो. २०१३ साली मान्सूननं १६ जूनलाच सगळा देश व्यापला, नेहमीपेक्षा महिनाभर आधी. १६ आणि १७ जूनला केदार खोऱ्यात अतिवृष्टी झाली. १७च्या सकाळी मंदिराच्या वरचा चोराबारी तलाव फुटला आणि चिखल-दगडांचा लोट मंदिराभोवतीच्या वस्तीवरून गेला. मेलेले आणि बेपत्ता झालेले मिळून पाच हजारांहून जास्त माणसं त्या आपत्तीत गेली. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत त्या दोन दिवसांपासून वाट पाहणं आजही संपलेलं नाही.

दिवस राखून निघायचं ते याच कारणासाठी. मेचा दुसरा-तिसरा आठवडा बरा, पण तेव्हा गर्दीचा कहर असतो. २०२४ साली १० मे रोजी दारं उघडल्यावर पहिल्या काही दिवसांतच रस्ते असे तुंबले की हरिद्वार-ऋषिकेशची जागेवरची नोंदणी काही काळ बंद ठेवावी लागली. नोंदणी सक्तीची आहे आणि मोफत आहे. ती राज्य सरकारच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर घरूनच करायची. नोंदणीवर असेल त्याच तारखेला तिथं पोचायचं. कुणी पैसे मागितले तर समजावं, काहीतरी काळं आहे. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडतं. महाशिवरात्रीला केदारनाथची तारीख कळली की त्याच्या आसपास तिकिटाचाही मुहूर्त येतो. परतीच्या तिकिटाला दोन दिवस जादा ठेवावेत. दरड पडून रस्ता बंद झाला की घाईनं रात्रीचा प्रवास करणारेच अपघातात सापडतात.

हेलिकॉप्टरबद्दल वऱ्हाडात मोठी ओढ आहे. म्हाताऱ्या आई-वडिलांना चालवायचं नाही म्हणून मुलं पैसे साठवतात. भावना चांगली आहे, पण हेलिकॉप्टर गुप्तकाशीच्या बाजूनं उचलून काही मिनिटांत साडेतीन हजार मीटरवर ठेवतं, म्हणजे शरीराला चढाईइतकाही अवधी मिळत नाही. जायचंच असेल तर आधी गुप्तकाशीला दोन रात्री काढाव्यात आणि दर्शन करून त्याच दिवशी खाली यावं. तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरूनच काढावं, बाकीच्या बहुतेक जाहिराती फसव्या. आणि हवामानाशी हुज्जत घालू नये. १५ जून २०२५च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे येणारं हेलिकॉप्टर खराब हवेत गौरीकुंडाजवळ कोसळलं, सातही जण गेले. त्यात विदर्भातलं एक कुटुंब होतं. उड्डाण रद्द झालं तर पैसे बुडाले असं म्हणून हळहळणाऱ्यांनी तो दिवस आठवावा.

पाऊस लागल्यावर तर बोलायलाच नको. ५ ऑगस्ट २०२५ला गंगोत्रीच्या वाटेवरचं धराली खीरगंगेच्या लोटात गाडलं गेलं तेव्हा महाराष्ट्रातले अनेक पर्यटक त्या भागात अडकून पडले होते. श्रावणातल्या सुट्ट्या जोडून हिमालय गाठण्याचा मोह अलीकडं वाढलाय. तो आवरलेला बरा.

काकाजींच्या हकिगतीत आणखी एक धडा आहे, तो औषधांपेक्षा मोठा. त्या रात्री काकूंनी खाली चला म्हटलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही, कारण पुरुषांच्या घोळक्यात बायकोनं परत फिरा म्हणणं म्हणजे अपशकुन. पुतण्या लहान, म्हणून आधी त्यानंही तोंड उघडलं नाही. निघण्याआधी घरातच ठरवावं की परत फिरण्याचा शब्द कुणाचा. तो सुनेचा असू दे, लेकीचा असू दे, गटातल्या सर्वांत लहान पोराचा असू दे, पण तो शब्द निघाला की वाद नाही. आजारी माणसाला स्वतःचा आजार कळत नाही, उंचीवर तर मुळीच नाही. देवानं बोलावलंय, तोच नेईल, या वाक्यापुढं सगळे गप्प बसतात. श्रद्धेचा मान राखूनही सांगायला हवं की खाली उतरवणारा पुतण्याही त्याच देवानं दिलेला असतो.

हेच सारं लेह-लडाखला जाणाऱ्या तरुण पोट्ट्यांनाही लागू आहे. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. दिल्लीहून विमानानं तासा-दीड तासात तिथं उतरून दुसऱ्याच दिवशी खारदुंगला गाठण्याची शर्यत लावणारे कमी नाहीत. पहिले दोन दिवस खोलीत काढावेत. जवानी उंचीपासून वाचवत नाही.

काकाजींची यात्रा मात्र तिथंच संपली नाही. गुप्तकाशीला त्यांनी विश्रांती घेतली, डॉक्टरांना पुन्हा दाखवलं, आणि त्यांनी हरकत नाही म्हटल्यावर तिघंही बसनं निघाले. जोशीमठला पावणेदोन-दोन हजार मीटरवर दोन मुक्काम केले. तिथल्या नृसिंह मंदिरात बदरीनाथाची हिवाळी गादी असते, ते पाहिलं. मग ३१०० मीटरवरच्या बदरीनाथला सकाळी जाऊन संध्याकाळी परत जोशीमठला. तप्तकुंडात हात-पाय धुतले, ब्रह्मकपालावर वडिलांच्या नावानं पिंड दिले. आखजीला घागर भरून निघालेल्या माणसाला तिथं काय वाटलं असेल, हे काकाजी सांगू लागले की काकूच पुढचं बोलतात, त्यांचा आवाज जड झालेला असतो.

यात्रेतली आणखी एक गोष्ट काकूंच्या मनाला लागली. केदारच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटल्या, रेनकोटचे फाटके प्लास्टिक, बिस्किटांचे कागद. २०२२पासून तिथं बाटलीवर दहा रुपये अनामत घेतात आणि रिकामी बाटली परत दिली की ते मिळतात, तरी कचरा उरतोच. स्वच्छतेचा ध्यास घेतलेल्या गाडगेबाबांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्याच दापुऱ्यात, मामाच्या घरी गेलं. मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षण आणि धर्मशाळा उभी केली. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधताना यात्रेकरूला सावली मिळावी आणि देवाचं गाव स्वच्छ राहावं, या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच जिव्हाळ्याच्या होत्या. त्यांच्या तालुक्यातून जाणाऱ्या प्रत्येकानं एक कापडी पिशवी आणि स्टीलची बाटली न्यावी, आणि आपला कचरा पुन्हा हरिद्वारपर्यंत आणावा. घरची बाटली नेली की दहा रुपयांच्या अनामतीचाही प्रश्न उरत नाही.

आता राहिला प्रश्न ज्यांना वर जाणं शक्यच नाही त्यांचा. हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, दम्याचे, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्यासाठी हिवाळा आहे, आणि हे वऱ्हाडात फारसं कुणाला ठाऊक नाही. भाऊबीजेला केदारनाथ आणि यमुनोत्री बंद होतात, गंगोत्री अन्नकूटाच्या दिवशी. बदरीनाथ कार्तिक-मार्गशीर्षात बंद होतं, तेव्हा माणा गावातल्या मुलींनी विणलेली लोकरीची घोंगडी तुपात भिजवून देवाला पांघरतात. मग देव खाली येतात. केदारनाथाची पूजा ऊखीमठला, गंगेची मुखब्याला, यमुनेची खरसालीला, बदरीनाथाची पांडुकेश्वर आणि जोशीमठला. यातलं ऊखीमठ अवघ्या १३०० मीटरच्या आसपास आहे, गाडी दारापर्यंत जाते आणि ओंकारेश्वर मंदिरात त्याच देवाची सहा महिने पूजा चालते. गर्दी नाही, घोडे-खेचरांची ढकलाढकल नाही. गरम कपडे मात्र तिथंही भरपूर लागतात.

शेतकऱ्यासाठी हा काळ सोयीचाही पडतो. सोयाबीन घरी येऊन हरभरा पेरून झाला की नोव्हेंबरच्या शेवटापासून दोन-तीन आठवड्यांची उसंत निघते, कापसाची वेचणी मजुरांवर सोपवून. काकाजींच्या थोरल्या बहिणीला गुडघ्यांचा त्रास आहे आणि हृदयाची गोळी चालू आहे. पुतण्यानं तिच्यासाठी डिसेंबरची हरिद्वारची तिकिटं पाहून ठेवली आहेत. हरिद्वारला एक रात्र, श्रीनगर गढवालला एक, मग ऊखीमठला दोन. परत येताना वाटेत देवप्रयागला थांबून अलकनंदा आणि भागीरथीचा संगम दाखवायचा, एवढंच त्यात जास्तीचं.